शून्य मरतूक

मामांच्या हातून एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही मासा मेला नव्हता. ही गोष्ट मत्स्य खात्यात सगळ्यांना ठाऊक होती, कारण मामांनी ती सगळ्यांना सांगितली होती.

म्हणजे अगदी काटेकोर बोलायचं तर टाकीतली पिलं मरतच. ती कोण मोजतो? पण पिलू वाढून बोटभर झालं, त्याला बोटुकली म्हणायला लागले, आणि कुठल्याशा तळ्यात सोडायच्या खेपेत ते मोजलं गेलं, की तिथून पुढे ते मामांचं. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि प्राणवायू भरून मासे न्यायचे, तळ्यावर गेल्यावर पिशवी तशीच बंद तरंगत ठेवायची, पाण्याला पाण्याची ओळख पटू द्यायची, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी ओंजळीओंजळीने आत घ्यायचं, आणि शेवटी मासा आपल्या मर्जीने बाहेर पडेल तोवर गप्प बसायचं. याला खात्यात 'मामांची पद्धत' म्हणत. मामांच्या ताब्यातल्या मत्स्यबीज केंद्रात खिळ्याला मरतुकीची नोंदवही टांगलेली असे आणि प्रत्येक खेपेनंतर मामा तीत स्वतःच्या हाताने शून्य काढत. ते इतकं गोल आणि टपोरं असे की नव्याने बदलून आलेल्या साहेबांना वाटे, ही काहीतरी कमावलेली संख्या आहे.

मामा हे त्यांचं नाव नव्हे, नातं होतं, आणि तेही एकाच व्यक्तीशी. भाची आठ वर्षांची असताना सुट्टीत केंद्रावर यायची आणि टाक्यांमधून 'मामा, मामा' करत फिरायची. ते ऐकून आधी कामगारांनी, मग कारकुनांनी आणि शेवटी वरच्या साहेबांनीही त्यांना मामा म्हणायला सुरुवात केली. आता मामांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. भाची चाळीस वर्षांची होती, त्याच खात्याच्या प्रयोगशाळेत माशांच्या जंतांची तज्ज्ञ होती, आणि सबंध खात्यात मामांना 'अरे मामा' म्हणणारी अजूनही ती एकटीच होती.

गुरुवारी संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकचा डबा होता. मामींनी तो सवयीने हातातून घेतला, सवयीने ओट्यावर ठेवला आणि सवयीने उघडला.

"काय गं हे? ही कसली नाडी?"

"मामी, जंत आहे तो."

मामींनी झाकण लावलं. मग त्यांनी ओटा पुसला, डबा पुसला, आणि थोडा विचार करून पुसायचं फडकंच टाकून दिलं.

"जेवायच्या टेबलावर ठेव," मामा म्हणाले, "नीट पाहू दे."

"जेवायच्या टेबलावर?" मामी म्हणाल्या. "जेवायच्या?"

खाली जुना पेपर पसरून तडजोड झाली. डब्यात एक काजवी होती, बोटाच्या पेराएवढी, पोट उघडलेली, आणि तिच्या शेजारी जवळजवळ तिच्याच लांबीची पांढरी, चपटी फीत. काजवी हा मासा खालच्या आणि वरच्या अशा दोन तळ्यांतच सापडे. दिवस कलला की त्याचे थवे पाण्याच्या वरच्या थरात येत आणि अंगावरचा उजेड झटकल्यासारखे चमकत. खालच्या तळ्यात गेली सहा-सात वर्षं ते कमी दिसत होते.

"कमी दिसतात ते ठीक," मामा चष्मा पुसत म्हणाले, "पण आहेत ते धष्टपुष्ट आहेत. निवृत्त होताना मी अहवालात लिहिलंय. काजवीचं प्रजनन समाधानकारक, बहुतेक माद्यांची पोटं अंड्यांनी भरलेली."

"मामा, त्यांतले निम्मे नर होते."

मामांनी चष्मा पुसणं थांबवलं.

"पोटं अंड्यांनी नाही फुगलेली. यांनी फुगलीयेत." भाचीने फितीकडे बोट दाखवलं. "आणि हा इथला नाही. हा गवत्याचा जंत आहे."

गवत्या म्हणजे पाण्यातलं गवत खाणारा दणकट, रुपेरी मासा. मामांच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तो दूरच्या देशातून विमानाने आला होता. तेव्हा खालच्या तळ्यात गवत इतकं माजलं होतं की होडी ढकलत न्यावी लागे. मामा स्वतः विमानतळावर गेले होते, चाळीस पिशव्या स्वतः मोजून घेतल्या होत्या, परतीच्या रस्त्यात ड्रायव्हरला गाडी बैलगाडीसारखी चालवायला लावली होती. एक मासा मेला नाही. दोन वर्षांत तळं आरशासारखं झालं. आता वरच्या तळ्यातही थोडंफार गवत दिसायला लागलं होतं म्हणून शनिवारी तिथे गवत्याची पाच हजार बोटुकली सोडायची होती. सोडणार होते मामा. त्याच कार्यक्रमात केंद्राच्या नव्या शेडला मामांचं नाव दिलं जाणार होतं. फलक तयार होता. मामा तो दोनदा पाहून आले होते; दुसऱ्यांदा, अक्षर नीट आलंय की नाही हे पाहायला.

"गवत्या जिथला, तिथे या दोघांचं पिढ्यान्पिढ्या जमलेलं आहे," भाची सांगत होती. "गवत्याचं आतडं लांबलचक. एक-दोन भाडेकरू राहिले तरी त्याच्या गावी नसतं. काजवीचं आतडं केवढं? एक शिरला की रस्ता बंद. खाल्लेलं पुढे सरकत नाही. पोट फुगतं आणि मासा उपाशी मरतो."

"गवत्या शाकाहारी आहे. तो काजवीच्या वाटेला जात नाही आणि काजवी त्याच्या. जंत काय उडी मारून गेला?"

"गवत्याच्या विष्ठेतून जंताची अंडी पाण्यात. त्यातून निघालेली पिल्लं खातो टाचणीच्या टोकाएवढा एकडोळ्या जीव. तो असतोच प्रत्येक तळ्यात. त्याला खाते काजवी."

"माझे मासे निरोगी होते." मामांचा आवाज चढला. "एकेक मासा हातात घेऊन पाहिलाय मी. खवले, कल्ले, पर, डोळे."

"पोट?"

"पोटसुद्धा."

"बाहेरून."

"अगं, मासा उघडला तर मरतो!"

"हो. त्याला काही इलाज नाही."

"आणि मेला की तो वहीत..." मामा बोलता बोलता थांबले. वाक्य तोंडातून निघालं होतं आणि आता टेबलावर, डब्याशेजारी, सगळ्यांना दिसेल असं पडलं होतं.

मामी इतका वेळ दारात उभ्या होत्या. "म्हणजे अहो," त्या म्हणाल्या, "आलेल्या पाहुण्यांचे तुम्ही कपडे तपासलेत, दात तपासलेत, आणि पेट्या तशाच आत घेतल्यात."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात मामींनी माशांबद्दल व्यक्त केलेलं हे पहिलंच मत होतं.

"वरच्या तळ्यातल्या साठ काजव्या मी उघडल्या," भाची हळू आवाजात म्हणाली. "एकीतही काही नाही. धड काजवी आता तेवढ्याच पाण्यात उरलीय, मामा. आणि परवा सकाळी दहाला तू तिथे गवत्याची पाच हजार बोटुकली सोडणार आहेस. मी तीन पत्रं पाठवली. माझं कोणी ऐकत नाही. तुझं ऐकतील."

"माझ्या केंद्रातल्या माशांत जंत आहेत हे तुला कुठून कळलं? पाहिलेस का तू?"

"देत नाहीत पाहायला. उघडलेला मासा मरतुकीत धरतात म्हणे."

तो दंडक मामांनीच घालून दिला होता.

शुक्रवारी सकाळी मामा साहेबांकडे गेले. साहेब तरुण होते, सज्जन होते, आणि त्यांच्या टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांनी मामांना खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक छापील कागद काढला.

"मामा, हे आरोग्य प्रमाणपत्र. मासा जिवंत आहे का, होय. चपळ आहे का, होय. खवले शाबूत, होय. आता सांगा, जंत कुठे लिहू? रकानाच नाही."

"रकाना नाही म्हणून जंत नाही असं थोडंच आहे?"

"तसं नाही. पण रकाना नसला की तो माझ्या अखत्यारीत नाही." साहेबांनी कागद सरळ केला. "शिवाय ताईंना जंत सापडले काजवीत. काजवी आपण सोडतच नाही. आपण सोडतोय गवत्या. गवत्यात आहेत याचा काही पुरावा?"

"उघडून पाहिलं की मिळेल."

"उघडायला समितीची परवानगी. समिती पुढच्या महिन्यात बसते."

"मग मासेही पुढच्या महिन्यात सोडू."

"मामा," साहेब कळवळून म्हणाले, "पत्रिका गेल्यात हो. मंडप उद्या सकाळी उभा राहतोय. आणि तुम्ही स्वतः कशाला काळजी करता? खाली पाहा ना." त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे ठसठशीत छापलं होतं: तपासणी मामांच्या पद्धतीनुसार. "या पद्धतीत आजवर एक जंत निघालेला नाही."

साहेबांनी हे धीर द्यायला म्हटलं होतं. मामा चहा अर्धा टाकून उठले.

जिन्यात त्यांच्या मनात एक विचार येऊन गेला, आणि तो विचार चांगला नव्हता. उद्याचा दिवस होऊन जाऊ द्यावा. शेडवर नाव लागू द्यावं. भाची काय, लहानपणापासूनच हट्टी. जंत असतील तर असतील, नसतील तर नसतील; काजवी खातं कोण, विकतं कोण, मोजतं तरी कोण? इतका सोयीचा विचार आपल्याला इतक्या चटकन सुचला याचंच त्यांना नवल वाटलं. खाली भाची फाटकाशी उभी होती. तिच्या खांद्याला सूक्ष्मदर्शकाची पेटी होती.

"काय म्हणाले?"

"चहा चांगला होता. चल केंद्रावर."

केंद्रावर टाक्या सांभाळायला मौनी होता. तो अखंड बोलत असे म्हणून त्याला मौनी म्हणत. वीस वर्षांपूर्वी मामांच्या हाताखाली लागला तो अजून त्यांच्याच हाताखाली असल्यासारखा वागे.

"या मामा, या! म्हटलंच होतं मी, आदल्या दिवशी चक्कर मारल्याशिवाय चैन पडायचं नाही. चार नंबरच्या टाकीत सगळी तयार आहेत. मोजून पाच हजार. पिशव्या धुतल्या, दोऱ्या कापल्या, प्राणवायूची नळकांडी दोन जादा. ताई, तुम्ही पण? छान! मामा, तुमचा फलक बघितला, काय दिसतोय, नुसता..."

"वीस मासे काढ," मामा म्हणाले.

"पाहायला?"

"उघडायला."

मौनीने आधी मामांकडे, मग भाचीकडे, आणि मग मामांची तब्येत बरी आहे ना अशा नजरेने पुन्हा मामांकडे पाहिलं.

"मामा, खेप मोजून झालीय. आता एक जरी गेला तरी वहीत चढवावा लागेल. आणि पाचाच्या वर गेले तर सगळी खेपच अडते, एकवीस दिवस. नियमच आहे. तुम्हीच केलेला!"

"मी?"

"मी नवीन होतो तेव्हा केलात. एक पिशवी हातातून निसटता निसटता राहिली म्हणून इतकं झापलंत मला, आणि बसल्या बैठकीला नियम लिहून वर पाठवलात. मंजूरही झाला. आजवर कोणी मेलंच नाही म्हणून लागला नाही, एवढंच. म्हणून म्हणतो, नका काढू. उद्याचा कार्यक्रम बारगळेल."

मौनीने हे विनवून सांगितलं होतं. पण मामा आणि भाची एकमेकांकडे पाहत राहिले, आणि आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो हे त्याला कळलं.

"हे बघ मामा," भाची म्हणाली, "मला नियमाची पळवाट नकोय. मला मासे पाहायचेत. साफ निघाले तर मी तसं लिहीन, सहीनिशी. आणि मग खेप अडली तर तुझी माफी मागेन."

"साफच निघतील," मामा म्हणाले. "काढ रे."

भाचीने पसरट घमेल्यात पाणी घेऊन त्यात लवंगेच्या तेलाचे थेंब सोडले. थोड्या वेळात खोलीभर लवंगेचा वास झाला आणि बादलीतल्या विसांपैकी त्यात सोडलेला पहिला मासा पोहायचा थांबला. तेल जास्त घातलं होतं. ही त्याची शेवटचीच गुंगी होती. भाचीने कात्री उचलली.

"इकडे दे," मामा म्हणाले.

"मामा, मी करते ना."

"माझी टाकी, माझे मासे. दे."

मासा धरायची मामांची एक रीत होती. तळवा ओला, बोटं सैल, खवल्याला धक्का नाही. हजारो वेळा त्यांनी तसा मासा धरला होता आणि हजारो वेळा पाण्यात सोडला होता. आजही हाताने तसाच धरला. हाताला वेगळं काही ठाऊकच नव्हतं. कात्री लावताना मात्र त्यांना भाचीला विचारावं लागलं, कुठून सुरुवात करू? एकतीस वर्षं माशांत काढलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला, आणि भाचीने तो तितक्याच साधेपणाने घेतला. "मागून पुढे. टोक वर ठेव, आतडं कापू नकोस."

पहिला साफ. दुसरा साफ. तिसराही. मामांच्या खांद्यांतला ताण सैल झाला.

"बघ," ते म्हणाले.

"बघतेय."

"नाही, म्हणजे बघ. किती स्वच्छ आहे आतून! मी तर कधी..." आणि चौथा उघडताना ते गप्प झाले. आतड्याचा पुढचा भाग फुगला होता. भाचीने सुईने तो अलगद फाडला. आतून पांढरी फीत निघाली आणि बशीतल्या पाण्यात सावकाश, अंगाला आळोखेपिळोखे देत लांब झाली. ती जिवंत होती.

भाचीने तिचं टोक कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, भिंग जुळवलं आणि बाजूला सरकली. मामा वाकले. पत्त्यातल्या बदामासारखं डोकं, दोन्ही बाजूंना खोल खाच.

"यानं एकदा धरलं की सोडत नाही," भाची म्हणाली.

मामा बराच वेळ डोळा लावून होते.

"हा मी आणला," ते म्हणाले.

"मामा, आणायचं ठरवणारे पुष्कळ होते."

"ठरवणारे होते. पिशव्या उतरवून घेणारा मी होतो." त्यांनी डोळा काढला नाही. "त्यांतले चार जरी उघडले असते. चाळीस पिशव्यांमधून चार मासे."

भाचीने पाचवा मासा त्यांच्यापुढे सरकवला.

पाचवा साफ होता. सहाव्यात दोन निघाले.

"सहा झाले," मौनी दबक्या आवाजात म्हणाला, आणि कोणी सांगायच्या आत वही घेऊन आला. पानभर शून्यं होती. मामांनंतर ती तो स्वतः काढत असे आणि मामांच्यासारखीच गोल यावीत म्हणून बाटलीचं झाकण वापरत असे. मामांनी शेवटच्या ओळीत ६ लिहिला. हाताला सवय नसल्यामुळे तो जरा वाकडा आला.

पुढचा रकाना कारणाचा होता. कारणं चार, छापील: उष्णता, प्राणवायूची कमतरता, वाहतुकीतील धक्का, हलगर्जीपणा. तपासणी हे कारण नव्हतं. तपासणीने मासा मरतो ही शक्यता वही छापणाऱ्याच्या डोक्यात आली नव्हती, कारण वहीचा नमुना मामांनी दिला होता.

"उष्णता करा मामा," मौनी म्हणाला. "कोण विचारतंय? ऊन आहेच की."

"सावलीतल्या टाकीत?"

"मग प्राणवायू करा. मी सांगतो, पंप बंद पडला होता. मी घेतो अंगावर, माझं काय जातंय?"

मामांनी चौथ्या चौकटीत खूण केली.

मौनीच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, हलगर्जीपणा! त्याला जबाबदार व्यक्ती लिहावी लागते! चौकशी बसते, अहवाल मागवतात, फलक-बिलक सगळं... मामा, माझी अजून नऊ वर्षं आहेत!"

"तुझं कशाला लिहीन?" मामांनी त्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. जे नाव खात्यात कोणी वापरत नव्हतं आणि जे उद्या शेडवर लागणार होतं, ते.

"पण तुम्ही तर निवृत्त!"

"निवृत्त माणसाने हलगर्जीपणा करू नये असा नियम मी केल्याचं आठवत नाही."

साहेबांना मौनीनेच फोन लावला. त्याच्या मनावर एवढं ओझं पेलणं शक्यच नव्हतं. सगळं एका दमात सांगून त्याने फोन मामांच्या हातात दिला.

"मामा," साहेबांचा आवाज खोल गेला होता, "सहा? पाच केले असते तर काही बिघडलं असतं का? पाचांत मी सांभाळून घेतलं असतं हो."

"म्हणूनच सहा केले."

"आता नियम म्हणजे नियम. मला मोडता येत नाही. चौकशी लावावी लागेल, आणि चौकशी म्हटलं की ताईंचा अहवाल जोडावा लागेल. जंत-बिंत सगळं आलं त्यात." इतक्या वर्षांनी जंतांना खात्यात शिरायची रीतसर वाट सापडली होती. "पण फलकाचं काय करू? त्यावर तुमचं नाव आहे, आणि चौकशीतही तुमचंच."

"भिंतीकडे तोंड करून ठेवा."

"आणि मंडपवाल्याला?"

"त्याला बसवा सावलीत," मामा म्हणाले आणि फोन मौनीला परत दिला.

भाची सुया पुसून पेटीत ठेवत होती. तिचा चेहरा पाहून सांगता आलं नसतं की तिला हवं ते मिळालं आहे. "बास, मामा. खेप थांबली. एकवीस दिवसांत पुष्कळ करता येईल. टाकीला औषध देता येईल, समितीला जंत दाखवता येतील."

"खालच्या तळ्याला?"

"खालच्या तळ्याला काही नाही करता येत," ती म्हणाली. "एवढ्या पाण्यातून एकदा आलेला जंत काढता येत नाही."

मामांनी मान हलवली. बाहेर पंपाचा आवाज येत होता. बादलीत उरलेले मासे अजून पोहत होते.

"खेप अडायला सहा लागत होते," मामा म्हणाले. "तुला किती लागतात?"

"वीस. पण मामा, ते आता मी उद्या..."

"मग चौदा राहिले. सुया बाहेर काढ."

त्यांनी चष्मा वर सरकवला, तळवा ओला केला आणि सातवा उचलला. भाचीने कागदावर सात हा आकडा टाकला, पुढची जागा मोकळी ठेवली, आणि मामांच्या हाताकडे पाहत थांबली.